तैलयंत्रापासून वीज : आमच्या शाळेंतील एक खटाटोप

मोताळा तालुक्यांतील एका शेताच्या बांधावर, निंबाच्या झाडाखालीं, एक तैलयंत्र कित्येक वर्षें पडून होतें. त्याच्या धुराड्यांत चिमण्यांनीं काड्या भरल्या होत्या व फ्लायव्हीलच्या आऱ्यांतून रानवेल वर चढला होता. विहिरीवर विजेचा पंप बसल्यापासून त्यास कोणी विचारीत नव्हतें. तें शाळेस मिळावें म्हणून आम्ही मालकांकडे गेलों, तेव्हां ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "न्या गुरुजी, पन पानी पाजल्याबिगर त्याले चालवू नका." त्यांच्या या वाक्याचा अर्थ पुढें येईल. दिवाळीच्या सुटीपासून उन्हाळ्यापर्यंत नववी-दहावींतील मुलांसह आम्हीं या यंत्रापासून वीज निर्माण करण्याचा जो उद्योग केला, त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसहि उपयोगी पडेल, या हेतूनें येथें देत आहों.

शाळेस वीज नाहीं असें नव्हे. परंतु घाटाखालच्या आमच्या भागांत वळवाचा एक जोराचा पाऊस झाला कीं तारा तुटतात, खांब वांकतात, आणि वसतिगृहांतील मुलें ऐन परीक्षेच्या दिवसांत अंधारांत बसतात. २००५ च्या सुमारास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत दिवसाचे बारा बारा तास भारनियमन असे. त्या वेळीं शिकलेल्या तुमच्या वडील भावंडांस विचारा, म्हणजे कंदिलाची काच पुसण्याचें काम घरांत कोणाकडे असे, तें तीं सांगतील. बाजारांत तयार जनरेटर मिळत असतां हा खटाटोप कशाला, असें एका पालकांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न रास्त होता. पैशाची अडचण हें एक उत्तर झालें. परंतु तयार यंत्राचें झाकण उघडून पाहावयास मुलांस कोण देणार, हें दुसरें.

प्रथम इंजिनाविषयीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९२ सालीं आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी रीतीनें चाललें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडावी लागते; डिझेलच्या इंजिनांत ती लागत नाहीं. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड हातास तापलेलें लागतें, हा अनुभव तुम्हां सर्वांस आहे. तीच हवा सिलिंडरमध्यें मूळच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शाइतक्या जागेंत एकदम दाबली, तर ती पांचशें अंशांहून अधिक तापते. आणि त्या क्षणीं नोझलमधून तेलाचा बारीक फवारा सोडला कीं तो आपोआप पेट घेतो. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत असलें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. हें ऐकतांच, ज्याच्या घरीं तेलघाणा आहे अशा एका विद्यार्थ्यानें लगेच एक डबा आणण्याची तयारी दाखविली. आम्हीं त्यास आवरलें. कच्चें तेल दाट असतें, त्याचा फवारा बारीक होत नाहीं व नोझलवर चिकटा बसतो. शिवाय त्याचा भाव डिझेलहून अधिक!

आपल्या प्रांतांत असलीं इंजिनें घडविणाऱ्यांत किर्लोस्करांचें नांव सर्वतोमुखीं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली व तेथें लोखंडी नांगर केले. पुढें १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. आमचें यंत्र मात्र राजकोटकडचें, विलायतेंतील डर्सली गांवच्या लिस्टर कंपनीच्या जुन्या नमुन्यावर घडविलेलें: एक सिलिंडर, दोन भलीं मोठीं फ्लायव्हीलें, सहा अश्वशक्ति, मिनिटास ६५० फेरे. घाई नाहीं, गडबड नाहीं. बैलाच्या चालीनें चालणारें.

मुलांस वाटलें, इंजिन ट्रॉलीवरून उतरविलें कीं काम झालें. परंतु तीनशें किलोंहून जड असलेलें हें धूड प्रत्येक स्फोटाबरोबर जमिनीस धक्का देतें, आणि जमीन आमची काळी. ही माती पावसांत फुगते व वैशाखांत हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर पाया घातला, तर वर्षभरांत इंजिन एकीकडे व जनित्र दुसरीकडे तोंड करील आणि पट्टा पुलीवरून उडून कोणाच्या तरी अंगावर जाईल. म्हणून खालीं मुरूम लागेपर्यंत खणलें, आणि दोन्ही यंत्रें एकाच काँक्रीटच्या ओट्यावर बसविलीं. या खोदकामांत आठ दिवस गेले. छायाचित्र काढण्याजोगें त्यांत कांहीं नसल्यामुळें मुलें कंटाळलीं, हें आम्ही मान्य करतों.

आतां मुख्य गणित. आपल्या देशांतील घरगुती वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. आमच्या जनित्रास चार ध्रुव आहेत. म्हणजे त्याच्या एका फेऱ्यांत दोन आवर्तनें होतात. ५० आवर्तनांस सेकंदाला २५ फेरे, म्हणजे मिनिटास १५०० फेरे हवेत. इंजिन तर ६५० च फेरे देतें. तेव्हां इंजिनावर मोठी पुली व जनित्रावर लहान पुली लावून वेग वाढविला पाहिजे. इंजिनाची पुली १४ इंच व्यासाची आहे. १४ स ६५० नें गुणून १५०० नीं भागिलें कीं सहा इंचांहून किंचित् अधिक उत्तर येतें. सहा इंचांची पुली घेतली तर १५१६ फेरे होतात; त्यांतून पट्ट्याचें थोडें घसरणें वजा जातां १५०० च्या आसपास येतो.

हा हिशेब आम्हीं फळ्यावर केला, आणि तरीहि चुकलों. सात इंचांची एक पुली जुन्या बाजारांत स्वस्त मिळाली. एका इंचानें काय होणार, असें म्हणून तीच बसविली.

परंतु तिची चूक कळण्यापूर्वीं दुसरेंच विघ्न आलें. पहिल्या दिवशीं इंजिन धडधडूं लागलें, पट्टा फिरला, जनित्र फिरलें, आणि व्होल्टमापकाचा कांटा शून्यावरून हालला नाहीं. मुलांचीं तोंडें उतरलीं. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलें कीं चुंबक व तारेचें वेटोळें एकमेकांजवळ हालत असतील, तर तारेंत वीज उत्पन्न होते. आमच्या जनित्रांतील चुंबक लोहचुंबक नव्हे, विद्युच्चुंबक आहे, आणि त्यास लागणारी वीज त्या जनित्रांतूनच मिळते. मग आधीं वीज कीं आधीं चुंबक? एरव्हीं त्याच्या लोखंडांत मागील वेळेचें थोडेंसें चुंबकत्व शिल्लक असतें, त्या भांडवलावर धंदा सुरू होतो. आमचें जनित्र वर्षानुवर्षें कोपऱ्यांत पडून तें भांडवलहि गमावून बसलें होतें. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी आणली, नियामकाच्या तारा सोडविल्या, धन-ऋण टोकें नीट पाहून फिरत्या वेटोळ्यास दोन-तीन सेकंद प्रवाह दिला. तारा परत जोडून इंजिन सुरू करतांच कांटा सरसर वर चढला. हें काम आम्हीं स्वतः केलें. मुलांस हात लावूं दिला नाहीं.

रिओस्टॅट फिरवून बरोबर २३० व्होल्ट केले. टाळ्या झाल्या. दिवे लागले. परंतु पंखे सुस्त फिरूं लागले, आणि पाव तासांत जुन्या ट्यूबलाइटच्या चोकास जळका वास येऊं लागला. व्होल्ट तर बरोबर! आवर्तनमापक लावून पाहिला, तो ४३. सात इंचांच्या पुलीवर १३०० च फेरे होत होते, आणि आम्हीं चुंबकास अधिक प्रवाह पाजून व्होल्टांची उणीव झांकली होती. चोकच्या अंगीं प्रवाहास अडविण्याचा जो गुण आहे, तो आवर्तनांच्या संख्येवर अवलंबून असतो. तीं कमी झालीं कीं चोक कमी अडवितो, प्रवाह वाढतो व तार तापते. म्हणून घरीं असला संच चालविणाऱ्या पालकांस विनंति कीं एका व्होल्टमापकावर विसंबूं नये. दुसऱ्या आठवड्यांत सहा इंचांची पुली नवी करवून घेतली.

तरीहि तारेच्या जुन्या बल्बांचा उजेड डोळे मिचकावल्यासारखा थरथरत होता. चार फटक्यांच्या इंजिनांत दोन फेऱ्यांत एकदांच स्फोट होतो. ६५० फेऱ्यांत ३२५, म्हणजे सेकंदास पांचांहून थोडे अधिक. प्रत्येक स्फोटास वेग वाढतो व मध्यंतरीं घटतो. जड फ्लायव्हील हा चढउतार पुष्कळसा गिळतें, सगळा नाहीं. पट्ट्याच्या सांध्याची लोखंडी चीप पुलीवर आपटे, तेव्हां आणखी एक झटका. चांगल्या एल.ई.डी. दिव्यांत ही थरथर दिसत नाहीं, म्हणून अभ्यासिकेंत तेच लावले.

यापुढील मजकूर पालकांनीं विशेष लक्षपूर्वक वाचावा. संच तयार झाल्यावर एका हितचिंतकांनीं सोपी युक्ति सुचविली: तारेच्या दोन्ही टोकांस पिना लावाव्या, एक टोक जनित्रांत व दुसरें भिंतीच्या सॉकेटांत खोंचावें, म्हणजे सगळ्या इमारतींत उजेड! असें पुष्कळ ठिकाणीं करतात. आम्हीं तें का केलें नाहीं, तें ऐका. सॉकेटांत शिरलेली वीज घरांतच थांबत नाहीं. मुख्य स्विच चालू राहिला, तर ती सर्विस तारेनें खांबावर जाते व तेथून, गांवांत ज्यास डी.पी. म्हणतात, त्या रोहित्रांत शिरते. रोहित्र ११,००० व्होल्टांचे घरगुती व्होल्ट करतें, हें तुम्हीं वाचलें आहे. परंतु उलट बाजूनें वीज दिली कीं तेंच रोहित्र घरगुती व्होल्टांचे ११,००० करूं पाहतें. वादळानें तुटलेली तार जोडण्यासाठीं भर पावसांत एखादा लाइनमन त्याच वेळीं खांबावर चढलेला असतो. उपकेंद्रांतून वीज बंद केली आहे, हें त्यास ठाऊक असतें. आपल्या ओसरीवर इंजिन चालू आहे, हें त्यास कोण सांगणार? आमच्या दहावीच्या वर्गांत एका लाइनमनचा मुलगा आहे. हें समजावून सांगत असतां तो खालीं मान घालून बसला होता, आणि तास संपल्यावर, "सर, आपला स्विच कधीं येणार?" एवढेंच त्यानें विचारलें.

तो स्विच म्हणजे चेंजओव्हर. त्याचा दांडा एका बाजूस केला तर इमारत खांबाशीं जोडली जाते, दुसऱ्या बाजूस केला तर जनित्राशीं. दोहोंशीं एकाच वेळीं जोडली जाणें शक्यच नसतें. तो येईपर्यंत तीन आठवडे संच तयार असूनहि आम्हीं इमारतीस जोडला नाहीं. त्या अवधींत दोनदां वीज गेली आणि मुलें आमच्यावर रागावलीं. जोडणी व भूसंयोजन परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेतलें.

धुराविषयीं थोडेंच. पाऊस येईल म्हणून इंजिन बंद खोलींत ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं, वास नाहीं, आणि झोंपलेला मनुष्य त्यानें उठतच नाहीं. आमचें इंजिन वसतिगृहापासून दूर, चारी बाजूंनीं मोकळ्या पत्र्याच्या छपराखालीं आहे.

सहा अश्वशक्ति म्हणजे सुमारें ४,४७५ वॅट. पट्ट्याची व जनित्राची तूट जातां ३,००० वॅट हातीं लागतात. मार्च महिन्यांत आम्हीं पाण्याच्या पिंपांत दोन हीटर सोडून व बाकीचे दिवे लावून पुरा भार दिला. भाराशिवाय ५१ असलेलीं आवर्तनें साडेएकोणपन्नासांवर येऊन स्थिर झालीं, तेव्हां गव्हर्नर नीट काम करीत असल्याची खात्री पटली. एका लिटर डिझेलमध्यें सुमारें अडीच युनिटें मिळतात. ही वीज खांबावरच्या विजेहून कित्येक पटींनीं महाग पडते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. अंधारापुरतीच ती वापरावी.

चांचणीच्या दिवशीं इंजिनाचे वृद्ध मालक आले होते. आवाज ऐकून त्यांनीं मान डोलाविली नाहीं कीं दिव्यांकडे पाहिलें नाहीं. सरळ जाऊन सिलिंडरमधून टाकीकडे जाणाऱ्या वरच्या नळीवर हात ठेवला. गरम पाणी हलकें होऊन वर जातें, टाकींतील थंड पाणी खालच्या नळीनें आंत येतें. पंपाशिवाय हें चक्र चालू राहतें, परंतु टाकी वरच्या नळीच्या खालीं रिकामी झाली कीं तें तुटतें व सिलिंडर तापून पिस्टन अडकतो. टाकींत पाणी चार बोटें कमी होतें. त्यांनीं एका मुलाकडून बादली मागविली. तेव्हांपासून इंजिन सुरू करण्यापूर्वीं टाकी पाहण्याची पाळी मुलांनीं वांटून घेतली आहे, आणि प्रत्येक पाळीची नोंद छपराच्या खांबास टांगलेल्या वहींत होते. पट्ट्याची चीप अजून आपटते; येत्या सुटींत सांधा नसलेला पट्टा बसवावयाचा आहे.