शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि सब्राचा अर्थ

पवित्र कुरआनाच्या सूरह अल्-बकरामध्ये (आयत 155) अल्लाहने श्रद्धावंतांना आधीच सांगून ठेवले आहे की भय, उपासमार आणि धन, प्राण व फळे यांची हानी यांद्वारे त्यांची परीक्षा घेतली जाईल. आणि जे सब्र करतील त्यांच्यासाठी शुभवार्ता आहे. नळदुर्गच्या मशिदीत जुम्याच्या खुत्ब्यात मी ही शिकवण अनेकदा ऐकली होती. सब्र म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे असेच मी समजत होतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा लक्षात आले की त्या शब्दाचा अर्धाच अर्थ मी शिकलो होतो. तोच अर्धा अर्थ मी तिलाही शिकवला आणि त्याचा त्रास तिला भोगावा लागला. इतर मातापित्यांकडून तशी चूक होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

आजार आणि शस्त्रक्रिया

मुलगी खेळताना लवकर थकत असे. आम्ही तो अशक्तपणा समजत होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीसाठी आले, तेव्हा तेथील डॉक्टरांना तिच्या हृदयाच्या ठोक्यांत वेगळा आवाज ऐकू आला. पुढे धाराशिव व सोलापूर येथे तपासण्या झाल्या. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतःच छिद्र असल्याचे निदान झाले. खर्चाचा मोठा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने उचलला आणि पुण्याच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. छातीचे मधले हाड उघडून, हृदय व फुप्फुसांचे काम काही काळ यंत्राकडे सोपवून डॉक्टरांनी ते छिद्र बंद केले. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे ऐकताच मी शुक्राचा सजदा केला. परीक्षा संपली असे मला वाटले. वास्तविक ती तेव्हा सुरू होत होती.

अतिदक्षता विभागातून बाहेर आलेली मुलगी आमच्या ओळखीची राहिली नव्हती. ती बोलत नसे. रात्री दचकून उठत असे, अंथरूण ओले करीत असे. पांढरा डगला दिसला की आईच्या पदरात तोंड लपवीत असे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लहान मुलांमध्ये असे बदल दिसतात व बहुधा ते काळानुसार ओसरतात, असे डॉक्टरांनी समजावले. छातीचे हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मुलीला काखेत हात घालून उचलायचे नाही, खोकताना छातीशी उशी धरायची, नळीतून श्वास ओढून प्लास्टिकचे गोळे वर चढवण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करायचा, अशा सूचना देऊन आम्हाला घरी पाठवण्यात आले.

माझी चूक

व्यायामाच्या वेळी ती रडत असे. तिचे रडणे पाहून पत्नीचेही डोळे भरून येत. मी पत्नीला म्हणालो, "अल्लाहने एवढी मोठी कृपा केली आणि तू रडतेस? ही नाशुक्री आहे." त्यानंतर ती माझ्यासमोर रडली नाही. न्हाणीघरातील नळ बराच वेळ वाहत असल्याचा आवाज मात्र मी ऐकत होतो. मुलीलाही मी म्हणालो, "बेटा, सब्र कर. सब्र करणारी मुले रडत नाहीत."

घरी आल्यानंतर नवव्या दिवशी तिला ताप चढला व श्वास लागू लागला. आम्ही रातोरात सोलापूरला आणि तेथून पुण्याला गेलो. हृदयाभोवतीच्या आवरणात पाणी साचले होते. डॉक्टरांनी तिला विचारले, "बाळ, छातीत कधीपासून दुखते?" ती हळूच म्हणाली, "तीन दिवस झाले. आडवे झाले की दुखते." "मग घरी सांगितले का नाहीस?" तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अब्बांनी सब्र करायला सांगितले होते."

नळी घालून ते पाणी काढावे लागले. आणखी अकरा दिवस आम्ही रुग्णालयात होतो. त्या अकरा रात्री मी एकाच प्रश्नाचा विचार करीत होतो : मी तिला जे शिकवले, ते खरोखर कुरआनातील सब्र होते काय?

कुरआन व हदीसच्या प्रकाशात

सब्राचे उदाहरण म्हणून आपण हजरत अय्यूब (अ.) यांचे नाव घेतो. सूरह अल्-अंबियामध्ये (आयत 83) ते आपल्या पालनकर्त्याला हाक मारून स्पष्ट सांगतात की मला यातना होत आहेत आणि तू सर्वांत मोठा दयाळू आहेस. त्यांनी आपले दुखणे लपवले नाही, ते शब्दांत मांडले. तरीही सूरह सादमध्ये (आयत 44) अल्लाह स्वतः त्यांना सब्र करणारा दास म्हणून गौरवितो. म्हणजेच वेदना बोलून दाखविणे हे सब्राच्या विरुद्ध नाही.

हजरत याकूब (अ.) पुत्रवियोगात इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले (सूरह यूसुफ, आयत 84). आपल्या दुःखाचे गाऱ्हाणे त्यांनी अल्लाहपुढे मांडले आणि मुलांना मात्र अल्लाहच्या कृपेविषयी निराश न होता शोध घेण्यास पाठविले. अश्रू, प्रार्थना आणि प्रयत्न या तिन्ही गोष्टी त्यांच्या सब्रात एकत्र आढळतात.

सहीह बुखारीतील एका हदीसनुसार, आदरणीय प्रेषितांच्या (स.) कन्येचे अत्यवस्थ मूल त्यांच्या मांडीवर ठेवण्यात आले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आश्चर्याने विचारले असता प्रेषितांनी (स.) सांगितले की ही करुणा आहे, जी अल्लाहने आपल्या दासांच्या अंतःकरणात ठेवली आहे. प्रेषितांनी (स.) ज्या अश्रूंना करुणा म्हटले, त्यांना मी नाशुक्री म्हटले होते. पुण्याच्या त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात मी पत्नीची क्षमा मागितली. मग आम्ही दोघेही रडलो.

इस्लामने मनाई केली आहे ती अल्लाहविषयी तक्रारीचे शब्द काढण्यास, छाती पिटून आक्रोश करण्यास आणि निराश होण्यास. दुखते त्या ठिकाणी हात ठेवून "येथे दुखते" असे सांगण्यास कोठेही मनाई नाही. उलट, आजारी माणसाने आपला त्रास सांगितला नाही तर उपचार कसे होणार?

तवक्कुल आणि उपचार

उपचार करा, अशी प्रेषितांची (स.) स्पष्ट आज्ञा आहे. ज्याच्यावर इलाज नाही असा आजार अल्लाहने उतरविला नाही, हेही त्यांनी सांगितले आहे. ही शिकवण मुस्लिम वैद्यांनी गांभीर्याने घेतली. कुर्तुब्याजवळ जन्मलेल्या अबुल कासिम अज्-जहरावी (सन 936-1013) यांच्या 30 भागांच्या 'किताब-उत्-तसरीफ' या ग्रंथाचा अखेरचा भाग शस्त्रक्रियेवर आहे व त्यात शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या आकृत्या आहेत. सुलतान कलावून यांनी सन 1284 मध्ये कैरो येथे उभारलेल्या रुग्णालयात, घरी जाणाऱ्या रुग्णाला लगेच कष्टाच्या कामाला जुंपून घ्यावे लागू नये म्हणून काही रक्कम दिली जात असे. शस्त्रक्रियेच्या मेजावर आजार संपत नाही, त्यानंतरची विश्रांती व शुश्रूषा हाही उपचाराचाच भाग आहे, हे त्या काळच्या व्यवस्थेने ओळखले होते.

दुसऱ्यांदा घरी आलो तेव्हा रमजान सुरू झाला होता. मराठवाड्याचे ऊन तापू लागले होते. शरीरात पुन्हा पाणी साचू नये म्हणून डॉक्टरांनी मुलीचे दिवसाचे पाणी मोजून ठरवून दिले होते. दुपारी ती पाण्यासाठी हट्ट करी. मी स्वतः रोजा धरलेला होतो. घशाची कोरड म्हणजे काय हे मला कळत होते, आणि तरीही भरलेला माठ घरात असताना मुलीला नाही म्हणावे लागत होते. पत्नी स्टीलच्या लहान वाटीने पाणी मोजी, वहीत लिही, ओठांना ओला कापूस लावी. मुलगी रडत असे. आता तिला कोणी अडवीत नव्हते. "रड बेटा, आणि दुखले तर लगेच सांग," एवढेच आम्ही म्हणत होतो.

त्या दिवसांत मला माता हाजरा (अ.) यांची वारंवार आठवण होई. निर्जन खोऱ्यात तहानेने व्याकूळ बाळ आणि त्याच्यासाठी सफा व मरवा या टेकड्यांदरम्यान सात वेळा धावणारी आई. अल्लाह आपल्याला वाया जाऊ देणार नाही, हा विश्वास त्यांनी आधीच बोलून दाखविला होता. तरीही त्या बसून राहिल्या नाहीत. त्या धावल्या टेकड्यांवर आणि पाणी निघाले बाळापाशी. फळ प्रयत्नाच्या जागीच मिळते असे नाही, ते देणारा अल्लाह आहे. परंतु धावणे हे आपले कर्तव्य आहे. औषधाची वेळ, मोजलेली वाटी, श्वासाचा व्यायाम, पुन्हा तपासणीची तारीख ही आम्हा मातापित्यांची सफा-मरवाची धाव होती.

शेजाऱ्यांसाठी दोन शब्द

आजाऱ्याच्या भेटीस जाणे ही सुन्नत आहे. पण नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाजवळ गर्दी करू नये. सर्दी-खोकला असेल तर दारातूनच दुआ करावी. त्याच्यासमोर मृत्यूच्या गोष्टी काढू नयेत. आमच्या शेजारीण बाई रोज इफ्तारचे ताट दारावर ठेवून परत जात. त्यांची ती सेवा आम्ही कधीच विसरणार नाही.

ईदच्या दिवशी मुलीने नवे कपडे घातले व अनेक आठवड्यांनंतर मोठ्याने हसली. आता ती शाळेत जाते. तपासण्या अजून चालू आहेत. मध्यंतरी एका रात्री तिने मला उठवून सांगितले, "अब्बा, पोटात दुखते." दुखणे किरकोळ होते, जेवण जड झाले होते. परंतु तिने मला उठवले, याबद्दल मी अल्लाहचे आभार मानले.

हे अल्लाह! सर्व आजारी लेकरांना पूर्ण आरोग्य दे. त्यांच्या मातापित्यांना असे सब्र दे, ज्यात अश्रूंना जागा असेल, निराशेला नसेल. आणि ज्यात मुलांना आपले दुखणे सांगण्याचे भय वाटणार नाही. आमीन.