गवताचा मुरघास : काय मिसळावे, काय टाळावे

सोपाऱ्याजवळच्या गास परिसरात पावसाळ्यात गवताला तोटा नसतो. पण ऊन नसल्याने ते वाळत नाही. उन्हाळ्यात मात्र चारा विकत घ्यावा लागतो. बकरी ईदसाठी बोकड पाळणाऱ्या व दुधाचा धंदा करणाऱ्या बांधवांचा नफा इथेच गळतो. यावर उपाय मुरघासाचा.

मुरघास म्हणजे हवा बंद करून आंबवलेला हिरवा चारा. चाऱ्यातील साखरेपासून जिवाणू आम्ल तयार करतात. ते आम्ल चारा टिकवते. मक्यात साखर भरपूर असल्याने तो सहज मुरतो. पावसाळी गवतात साखर कमी, पाणी जास्त. म्हणून ते सडते. ही उणीव मिश्रणाने भरून काढायची.

100 किलो गवताचा हिशेब असा :

1. मळी 3 किलो किंवा गूळ 2 किलो, थोड्या पाण्यात विरघळवून. ही जिवाणूंची शिदोरी.

2. गवत फार ओले असल्यास कोंडा 5 किलो. तो पाणी शोषतो.

3. जिवाणूंची तयार पुडी मिळाल्यास तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. साखर नसेल तर पुडीचा खर्च वाया जातो.

युरिया मात्र टाळावा. त्याचा अमोनिया आम्ल मारतो आणि प्रमाण चुकले तर जनावराला विषबाधा होते. फिनलंडच्या विर्तानेन यांनी थेट आम्ल घालून चारा टिकवण्याची रीत बसवली. त्यांना 1945 साली नोबेल मिळाले. पण आम्ल हातापायाला भाजते. आपल्याला मळीच बरी.

गवत फुलोऱ्याच्या सुरुवातीला कापावे, काही तास सुकवावे व बोटभर तुकडे करावेत. मूठ दाबल्यावर तळवा ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. 200 लिटरच्या पिंपात थराथराने तुडवून भरावे, तोंड घट्ट बंद करावे व 45 दिवस हात लावू नये.

चांगल्या मुरघासाला आंबूस-गोड वास येतो, रंग पिवळसर हिरवा असतो. बुरशी किंवा कुजका वास आला तर तो भाग फेकावा. खराब मुरघासाने शेळ्या गाभडतात, मेंदूच्या आजाराने दगावतातही. दोन किलो गूळ वाचवून बोकड गमावणे हा कसला व्यापार?

पिंपात सुमारे 100 किलो मावते. शेळीमागे रोज एक किलो धरल्यास 10 शेळ्यांना 10 दिवस पुरते. उघडल्यावर रोज वरचा थर काढावा. यंदा एकच पिंप भरून पाहा, खर्च वहीत लिहा, मगच वाढवा.