मेंदूतील फुगा आणि चिमुकला चिमटा

सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तेथून फुगून बाहेर येते, हे तुम्ही पाहिले असेल. हवेचा दाब सगळीकडे सारखाच. मग ट्यूब नेमकी तेथेच का फुटते?

मेंदूच्या धमनीची भिंत एखाद्या जागी दुबळी असली, तर तेथेही असाच फुगा येतो. त्याला ॲन्युरिझम म्हणतात. शंभर रुग्णांत मुले पाचांहूनही कमी असतात. पण मुलांतील फुगे पुष्कळदा आकाराने बरेच मोठे असतात. हे मोठेपण का घातक ठरते, ते पाहू.

गोल पिशवीसाठी सूत्र असे :

भिंतीतील ताण = दाब × त्रिज्या ÷ (२ × जाडी)

समजा, त्रिज्या दुप्पट झाली. पृष्ठफळ चौपट होईल. भिंतीतील द्रव्य तेवढेच राहिले, तर जाडी पाव उरेल. म्हणजे रक्तदाब तोच असूनही ताण २ × ४ = ८ पट! शरीर भिंतीत थोडी भर घालते, त्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ नसतो. पण फुगा वाढला की धोका वाढतो, हे खरे.

उपाय काय? फुग्याच्या मानेलाच चिमटा लावायचा, म्हणजे आत रक्त शिरणार नाही. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली चांदीचा चिमटा लावून हे प्रथम केले. आज कवटी उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली टायटॅनियमचा स्प्रिंगचा चिमटा बसवतात. टायटॅनियम लोखंडासारखे चुंबकाकडे ओढले जात नाही, म्हणून पुढे एमआरआय तपासणी करता येते. दुसऱ्या पद्धतीत जांघेतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरतात. त्यांभोवती रक्त गोठते व फुगा बंद होतो. मुलांना पुढे सारे आयुष्य काढायचे असते. नवा फुगा येऊ शकतो, म्हणून त्यांची तपासणी अनेक वर्षे चालू ठेवावी लागते.

आपल्या वर्ध्याच्या मे महिन्यात डोके दुखून ओकारी झाली, की आपण ‘ऊन लागले’ म्हणून कांद्याचा रस लावतो. परंतु डोके एकाएकी, पूर्वी कधी नव्हते इतके दुखले, मान ताठरली किंवा शुद्ध हरपली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. सेवाग्राम किंवा सावंगीसारख्या मोठ्या रुग्णालयात ताबडतोब न्या.

करून पाहा : साधा फुगा फुगवताना पहिली फुंकरच जड का जाते? वरच्या सूत्रात उत्तर शोधा.