संगणकावरील शासकीय माहिती आणि गावचे ग्रंथालय

18 एप्रिल 2018 रोजी केंद्र शासनाने सागरी किनारा नियमन क्षेत्रासंबंधीच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला. हरकती व सूचनांसाठी साठ दिवसांची मुदत होती. ही मुदत राजपत्राच्या प्रती जनतेस उपलब्ध होतील त्या दिवसापासून मोजावी, असे अशा मसुद्यांत लिहिलेले असते. हे शब्द छापील प्रतींच्या काळातले आहेत. केंद्र शासनाने 1 ऑक्टोबर 2015 पासून राजपत्राची छपाई थांबविली असून ते तेव्हापासून संकेतस्थळावरच प्रसिद्ध होते. म्हणजे अर्नाळा किंवा पाचूबंदर येथील मच्छीमार समुद्रात असतानाच त्याच्यापुरती प्रत ‘उपलब्ध’ झालेली असते आणि मुदतीचे दिवस सरू लागलेले असतात.

विषय किरकोळ नव्हता. 18 जानेवारी 2019 च्या अंतिम अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास क्षेत्र भरतीरेषेपासून 200 मीटरऐवजी 50 मीटरवर आणले. दाट वस्ती कोणती, याचेही माप तीत आहे. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 हून अधिक लोकसंख्या, हे ते माप होय. आपले गाव या मापात बसते काय, हे पाहू इच्छिणाऱ्या ग्रामस्थास दोन कागद लागतात : अधिसूचना आणि जनगणनेची जिल्हा पुस्तिका. दोन्ही संगणकावर विनामूल्य आहेत. तथापि पुस्तिका ‘पालघर’ या नावाखाली शोधू जाल तर ती मिळणार नाही. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी अस्तित्वात आला; 2011 मध्ये वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता व त्याचे आकडे ठाण्याच्याच पुस्तिकेत आहेत. शिवाय तेथे गावाचे क्षेत्रफळ हेक्टरमध्ये दिलेले असते. लोकसंख्येस शंभराने गुणून हेक्टरांनी भागले म्हणजे दर चौरस किलोमीटरचा आकडा निघतो. हे गणित सातवीचा विद्यार्थीही करील. कोणते पुस्तक उघडावयाचे, एवढेच त्याला कोणी सांगितले पाहिजे.

हे सांगण्याचे काम पूर्वीपासून ग्रंथपालाचे आहे. 1954 च्या ग्रंथ वितरण अधिनियमाने प्रत्येक मुद्रित ग्रंथाची प्रत ठरावीक मोठ्या ग्रंथालयांत पोचविण्याची व्यवस्था केली व शासकीय प्रकाशनेही तीत आली. मुंबईच्या टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय हे त्यांपैकी एक. वसईच्या वाचकाला तेथवर जावे लागे हे खरे, परंतु कागद कोठे आहे हे निश्चित असे. संकेतस्थळांमुळे मुंबईपर्यंतची ती खेप वाचली. मात्र ज्याच्या घरी संगणक नाही, किंवा असूनही इंग्रजी व हिंदीतील राजपत्र ज्याला उमगत नाही, त्याची अडचण या सोयीने दूर झालेली नाही. भाषेची अडचण न्यायालयासमोरही आलेली आहे. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या 2020 च्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतर करावे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 30 जून 2020 रोजी सांगितले आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढविली.

कायद्याने या बाबतीत नागरिकाला रिक्त हस्ते ठेवलेले नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या बाबींची यादी आहे. त्यातील चौदावी बाब इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील माहितीच्या तपशिलाची आहे. तिच्या लगतची पंधरावी बाब नागरिकांना माहिती मिळविण्यासाठी असलेल्या सुविधांची असून, सार्वजनिक वापरासाठी ग्रंथालय वा वाचनकक्ष चालविला जात असल्यास त्याच्या वेळाही तीत द्यावयाच्या आहेत. संगणक आणि वाचनकक्ष यांचा असा शेजार कायदा करणाऱ्यांनी साधला आहे. कार्यालयांच्या फलकांवर तो क्वचितच दिसतो. याच कलमात स्थानिक भाषा विचारात घेण्याचेही बंधन आहे.

अमेरिकेत हा प्रश्न 1993 मध्ये आला. तेथे शासकीय प्रकाशने ठराविक ग्रंथालयांत विनामूल्य ठेवण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून होती. शासकीय मुद्रणालयाने राजपत्रादी प्रकाशने संगणकावर आणली तेव्हा इतरांकडून वर्गणी घेतली, पण या ग्रंथालयांतील वाचकाला ती आरंभापासून विनामूल्य ठेवली. पुढे 1995 अखेर वर्गणी सर्वांनाच माफ झाली. सेवेचे स्वरूप बदलले तरी ती देणारी जागा बदलली नाही, ही त्यातील घेण्याजोगी गोष्ट.

महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने मान्यताप्राप्त ग्रंथालयांना ‘अ’ ते ‘ड’ वर्गांनुसार अनुदान मिळते. त्यांपैकी लहानातल्या लहान ग्रंथालयातही एक संगणक आणि तो जाणणारा एक माणूस असला, तरी बरेच साधेल. संगणकापेक्षा माणसाचीच गरज अधिक आहे. वसईचेच उदाहरण घ्यावे. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये वसई ‘बसीन’ या इंग्रजी नावाने येते, नालासोपारा ‘सोपारा’ म्हणून, आणि जिल्ह्याचे नाव ‘ठाणा’ असे छापले आहे. आजच्या नावांनी शोधणारा वाचक यंत्रासमोर हात हलवीत परततो व माहितीच नाही असे समजतो.

प्रशासकीय बदलांमुळेही असाच घोटाळा होतो. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा व 53 ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. त्यापूर्वीच्या एखाद्या ग्रामपंचायतीविषयीचा शासन निर्णय ग्रामविकास विभागाकडे, तर नंतरचा नगरविकास विभागाकडे पाहावा लागतो. निर्णयाचा संकेतांक हाती असेल तर शोध सोपा होतो. शासन निर्णयाच्या शेवटी हा लांबलचक अंक दिलेला असतो व त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना व दिवस दाखवितात. पंचायतीच्या ठरावात निर्णयाचा उल्लेख करताना हा संकेतांक लिहिण्याची सवय लावली, तर पुढच्या सरपंचाचे श्रम वाचतील.

सात-बाराच्या बाबतीत मात्र ग्रंथपालाने सावध असावे. संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो. कायदेशीर कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घ्यावा लागतो. तो 1 मे 2018 पासून मिळू लागला. हा फरक न कळल्यामुळे केळीबागायतदाराची एखादी फेरी फुकट जाते. अर्ज भरणे, दाखले काढणे ही कामे सेवा केंद्रांची होत. ती ग्रंथालयाने अंगावर घेऊ नयेत. वाचकाचा आधार क्रमांक किंवा भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक अंक नोंदवहीत लिहून ठेवणे तर कटाक्षाने टाळावे. नोंदवहीत राहावा तो प्रश्न : कोणता कागद मागितला, तो कोठे सापडला, न सापडल्यास कोणत्या कार्यालयाकडे विचारणा केली. अशी वही वर्षभर नीट ठेवली, तर ती त्या गावापुरती सूचीच होईल, आणि शाळेच्या शिक्षकांना परिसर अभ्यासासाठीही उपयोगी पडेल.

मुदतीचे मसुदे फलकावर लावताना शेवटची तारीख मराठीत, मोठ्या अक्षरांत, सर्वात वर लिहावी. आणि राहिला वेळेचा प्रश्न. वसई-विरारमधील नोकरदार पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतो आणि दिवेलागणीनंतर परततो. कोळीवाड्याची वेळ भरती-ओहोटीवर चालते. दहा ते पाच उघडे राहणारे वाचनालय या दोघांनाही बंदच दिसते. पंधराव्या बाबीत लिहावयाच्या वेळा ठरविताना रविवारची सकाळ व रोजची संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ प्रथम विचारात घ्यावी.