चि. पिंट्यास, नळातल्या करंटविषयी

डोंबिवली (पूर्व)

चि. पिंट्या यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून कागदावर लिहिते आहे. हे तरी शेवटपर्यंत वाच.

परवा भाजीवालीपाशी तुझी भाडेकरीण भेटली, कडेवर पोरगं. सहज विचारलं, कसं चाललंय घरात? तर म्हणते, "बरं आहे काकू. फक्त बाथरूमचा नळ धरला की झिणझिण्या येतात. आता आम्ही रबरी चप्पल घालूनच आंघोळ करतो." कोथिंबीर महाग झाली म्हणावं तशा सुरात म्हणाली! तुला कळवलं का, म्हणून विचारलं, तर तिने फोनच माझ्यापुढे धरला. "मायनर रिपेअर्स लायसन्सीने करायच्या, ॲग्रीमेंट बघा." आणि त्याखाली, "जमत नसेल तर दुसरं घर बघू शकता." पिंट्या, हे तू लिहिलंस? मला आधी वाटलं तुझ्या त्या एजंटने लिहिलं असेल. वर बघितलं तर नाव तुझं आणि फोटो दादाच्या मांडीवर बसलेला तुझा.

पोर दोन वर्षांचं आहे. त्या वयात हात कुठे कुठे जातात ते तुझ्या आईला विचार.

तुला न विचारता दुसऱ्या दिवशी मी आमच्या वायरमनला घेऊन वर गेले. रागव हवं तर. त्याने गिझरचा प्लग काढला आणि तरी नळाला टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला. म्हणजे तू समजतोस तसं हे गिझरच्या कॉइलचं दुखणं नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी भिंतीत मुरतंय, भिंतीतली वायर जुनी, तिचं आवरण गेलेलं, शेजारून जुना लोखंडी पाइप. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर कशालाच जोडलेली नाही, नुसती लोंबकळतेय. घरात एमसीबी आहेत, पण ते लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर पडतात. अंगातून करंट जाताना त्यांना पत्ता लागत नाही. त्यासाठी ईएलसीबी लागतो, 30 मिलीअँपिअरचा. तेवढा करंट वाट चुकून जमिनीत जायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो. दोन-अडीच हजारांची वस्तू. दादाने घर घेतलं तेव्हा कुणी बसवत नसे. आता तू बसव.

वायरमनने बाथरूमची लाइन बंद करून ठेवलीय आणि ती बिचारी हॉलमधून वायर ओढून दिवा लावते. पण ओल पॅसेजच्या बोर्डापर्यंत आलीय आणि त्याच भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघराचा ओटा. म्हणून माझी झोप उडालीय. लाइन बंद केली म्हणजे झालं, असं समजू नकोस.

आता तुझ्या त्या ॲग्रीमेंटबद्दल. मीही सोसायटीची सेक्रेटरी होते, असले करार पुष्कळ वाचलेत. तिच्याकडून घेऊन तुझाही वाचला. त्यात लिहिलंय की लायसन्सीने घर आहे त्या स्थितीत ठेवावं आणि तिच्याकडून नुकसान झालं तर भरून द्यावं, पण "सर्वसाधारण वापराने होणारी झीज वगळून". तू तिला अर्धंच वाक्य सांगितलंस. भिंतीतली वायर तिने झिजवली? वरच्याचं पाणी तिने आणलं? शिवाय मागच्या यादीत चार पंखे, पाच ट्यूबलाइट, एक गिझर. त्या गिझरसकट तू महिना 14,000 घेतोस आणि तिला सांगतोस, वापरू नका.

तू हुशार आहेस, म्हणशील, "आत्या, केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरार कायद्यात गिझर, स्विच, नळाचे वॉशर भाडेकरूकडेच दिलेत." दिलेत, खरं आहे. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तर लागू. आपल्याकडे 1999 चा भाडे नियंत्रण कायदा चालतो. आणि त्या नमुन्याच्या यादीतही वायरिंग, पाइप बदलणं, रंग-चुना मालकाकडेच आहे. 1999 च्या कायद्यात कलम 14 आहे. करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक, आणि निदान 15 दिवसांची नोटीस देऊनही मालक ढिम्म राहिला तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. तुझ्या भाड्यावर ते 42,000 होतात. तुझा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणून हे कलम तिला थेट मिळत नाही, हे मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक असणार. म्हणूनच तू इतका निवांत आहेस ना? पण निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर त्याला भारतीय न्याय संहितेत कलम 106 आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. तिथे घर भाड्याने दिलं की लायसन्सवर, असं कुणी विचारत बसत नाही. लिहिताना हात थरथरला माझा. पण लिहायलाच हवं होतं.

आणि एक गोष्ट तिच्या हातात अजिबात नाही. वरच्याकडे पाण्याबद्दल बोलायला ती गेली होती. त्याने "पावसाचं आहे, दिवाळीनंतर बघू" म्हणून दार लावलं. सोसायटीच्या ऑफिसात गेली तर म्हणाले, तुम्ही सभासद नाही, मालकाचं पत्र आणा. उपविधींप्रमाणे गच्ची आणि बाहेरचे सामाईक पाइप सोसायटीने बघायचे, घराच्या आतलं ज्याचं त्याने. म्हणजे हा प्रश्न वरच्या सभासदाचा आणि तुझा. पावसाचं आहे की नहाणीचं, हे कळायला दोन दिवस त्याचं बाथरूम कोरडं ठेवायचं आणि मग नहाणीत रंगाचं पाणी ओतायचं. पण ते करायला लावणारं पत्र तूच देऊ शकतोस. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरतोस, मग एक पत्र नाही लिहिता येत?

तिलाही मी सुनावलं, तिचीच बाजू घेते असं नको म्हणूस. नळाचा वॉशर, ट्यूबचा चोक, मोरी तुंबणं हे तिने करायचं, त्यासाठी तुला बंगळूरला मेसेज करायचे नाहीत. आणि हॉलमध्ये दहा खिळे ठोकलेत ते जाताना बुजवायचे. मान डोलावली तिने. मुलगी चांगली आहे रे.

गिरगावची आपली चाळ तू पाहिली नाहीस. तिथे आम्ही तिच्या जागी होतो. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठलेली. मालकाचे मेहताजी महिन्याच्या महिन्याला पावत्या घेऊन यायचे आणि गॅलरीच्या फळ्यांचं नाव काढलं की म्हणायचे, "इतक्या भाड्यात खिळेसुद्धा येत नाहीत." त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, हे मला सेक्रेटरी झाल्यावर कळलं. पुढे 1969 च्या कायद्याने सरकारने इमारत दुरुस्ती मंडळ काढलं, उपकर लावला. मंडळाची माणसं आमच्याकडे आली आणि गॅलरीखाली टेकू लावून गेली. ते टेकू वर्षानुवर्षं तसेच. आम्ही त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले.

एका पावसाळ्यात बाबांनी, तुझ्या आजोबांनी, स्वतःच्या पैशाने फळ्या आणल्या आणि ऑफिसातून आल्यावर रात्री ठोकत बसले. मला नुकती बँकेत नोकरी लागली होती, फोर्टात. मैत्रिणींना घरी बोलवायची लाज वाटायची, त्या फळ्यांचीच लाज वाटायची. मी म्हटलं, "दुसऱ्याच्या घरात कशाला पैसे घालताय?" बाबा काही बोलले नाहीत. आमच्या शेजारच्या खोलीत तान्हं मूल होतं, ते रांगत गॅलरीत यायचं. ते मला दिसायचं, पण त्या फळ्यांशी त्याचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही. टॉर्च दादाने धरला होता. मी आत जाऊन झोपले. बाबा जाईपर्यंत हे त्यांच्याशी कधी बोलणं झालं नाही.

दादाने डोंबिवलीचं घर घेतलं तेव्हा पहिल्या दिवशी बाथरूमचा नळ उघडून बंद केला, परत उघडला, आणि म्हणाला, "आता कुणाच्या मेहताजीला विचारायला नको." त्याच नळाचं हे चाललंय.

बास, पुष्कळ बोलले. तू कंजूष नाहीस, मला माहीत आहे. वहिनीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू काय काय केलंस ते मी पाहिलंय. तिकडच्या घराचा हप्ता, इकडचा मेंटेनन्स, सगळं एकट्यावर. दादा गेल्यावर तू त्या घरात पाऊल ठेवलं नाहीस, हेही मला माहीत आहे. एजंटला चावी तू खाली गेटपाशीच दिलीस. मी समोरच्या गॅलरीत उभी होते. हाक मारली नाही, कारण तू वर न बघता रिक्षात बसलास. तिचा मेसेज आला की तुला नळ दिसत नसेल, दुसरंच काही दिसत असेल. मला हे आधी सुचायला हवं होतं, मग पत्राची सुरुवात अशी केली नसती. आता खोडत बसत नाही.

तर असं कर. सोसायटीला आणि वरच्याला पत्र आजच मेल कर, प्रत मला. तिला फोन कर, मेसेज नको. घर बघा म्हणालास ते परत घे, तिला दोन शब्द बरे वाटतील. वायरमनचा अंदाज सोबत पाठवतेय, त्यात नवी वायर, अर्थिंग आणि ईएलसीबी सगळं धरलंय. पैसे तू द्यायचेस, पण उभी मी राहीन. त्या घरात जायला तुला आत्ता नको असेल तर नको जाऊस. श्रावणात चार दिवस काढून आलास तर आपण दोघं मिळून जाऊ, आणि पायरीवर पाय अडलाच तर परत माझ्याकडे येऊ. वालाचं बिरडं करीन. वहिनीला आणता आलं तर आण, लिफ्ट सुरू झालीय.

तिकडे फार उशिरापर्यंत जागू नकोस. तुझा आवाज मागच्या वेळी बसलेला वाटला.

तुझी,
आत्या