आधी ओळख, मग तक्रार

निलंगा

चि. ताई,

परवा तुझी आई फोनवर बोलत होती तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. तुझा आवाज बसलेला वाटला. तिकडे जर्मनीत दवाखान्यात नर्सची रात्रपाळी करून सकाळी घरी येतेस, डोळा लागतो न लागतो तोच वरच्या घरातली लेकरं धावायला लागतात, खुर्च्या ओढल्या जातात. शनिवारी रात्री सुट्टी असली तर शेजारच्या घरात गाणी वाजतात. आता जिना चढतानाच छातीत धडधडतं म्हणालीस. शेवटी तू विचारलंस, "मामा, सोसू का भांडू?" तेव्हा फोनवर उत्तर दिलं नाही, कारण हा दोन मिनिटांत सांगायचा विषय नाही. म्हणून हे पत्र.

माझी हयात निलंग्याच्या कोर्टात कारकुनी करण्यात गेली. बांधाची, वाटेची, पन्हाळीच्या पाण्याची भांडणं मी कागदावरून पाहिली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. शेजाऱ्यांची भांडणं कारणानं वाढत नाहीत, न बोलण्यानं वाढतात. आपल्याकडचा माणूस आधी वर्षानुवर्षं 'जाऊ दे' म्हणतो आणि एक दिवस एकदम कुऱ्हाड घेऊन निघतो. सोसणं आणि भांडणं यांच्या मधे बोलणं असतं, आणि नेमकं तेच आपण गाळतो. तू गाळू नकोस.

पहिलं सांगणं हे की तुला होतो तो त्रास खरा आहे. 'परक्या देशात गेलीस, थोडं सोसावं लागतं,' असं आपल्याच घरातले काहीजण म्हणतील. ते मनावर घेऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं २००९ साली सांगितलं की रात्री घराबाहेरचा आवाज सरासरी ४० डेसिबलच्या वर नसावा, कारण त्यानं झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेचा भार शरीरावर पडतो. आपल्या देशातही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लग्नसराईत आपल्या गल्लीतून डीजे जातो तेव्हा तो नियम कुणी पाळत नाही, हा भाग वेगळा. पण शांत झोप मागणं म्हणजे नाजूकपणा नव्हे. तुझ्या हातात लोकांची सलाईन आणि इंजेक्शनं असतात. तुझी झोप हा तुझ्या पेशंटांच्याही जिवाचा प्रश्न आहे.

आता आवाज वेगवेगळे करून बघ. सगळे एका पोत्यात भरलेस तर एकाचंही उत्तर सापडणार नाही.

एक आवाज राहण्याचा. माणसं घरात चालणार, भांडी लावणार, लेकरं पळणार. तिकडे रात्रीची शांतता साधारण दहा ते सहा मानतात. तुझी रात्र मात्र सकाळी आठला सुरू होते. सकाळी दहा वाजता वरचं लेकरू धावलं तर त्यानं कुठलाही नियम मोडलेला नाही. तुझा मावसभाऊ वकील आहे, त्याच्याकडून मी तिकडचे कायदे नीट समजून घेतले. लेकरांच्या आवाजाकडे जर्मनीत कायदाच मऊ नजरेनं पाहतो. बालवाड्या आणि खेळाच्या मैदानांवरून येणारा लेकरांचा आवाज सहसा उपद्रव धरायचा नाही, अशी दुरुस्ती २०११ साली तिथं झाली. घरातल्या लेकरांच्या बाबतीतही कोर्टं बरंच सांभाळून घेतात. मात्र त्यालाही सीमा आहे. २०१७ साली बर्लिनच्या एका भाडेकरूच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं सांगितलं की लेकरं आहेत म्हणून कितीही वेळ, कसाही आवाज चालेल असं नाही. पण ती दूरची पायरी. या आवाजावर पहिला इलाज विनंतीचा.

दुसरा आवाज बेफिकिरीचा. रात्री बारा वाजता भिंत हादरेल अशी गाणी लावणं यात मोडतं. इथं कायदा तुझ्या बाजूनं आहे. दहानंतर आवाज आपल्या खोलीपुरता ठेवायचा, ही तिथली सर्वमान्य रीत. कारण नसताना शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज करणं हा तिथं दंडाला पात्र ठरणारा नियमभंग आहे आणि दंड ५,००० युरोपर्यंत जाऊ शकतो.

तिसरा आवाज मुद्दाम केलेला. तू सांगितल्यावर कुणी हट्टानं जास्त आदळआपट करू लागला, किंवा तुझ्या रंगावरून, देशावरून काही बोलला, तर तो प्रश्न आवाजाचा राहत नाही. ते लगेच लिहून ठेव. तुझ्या दवाखान्यात परदेशातून आलेल्या नर्सेसची विचारपूस करायला जी बाई नेमली आहे, तिला त्याच दिवशी सांग. 'आपल्या देशाचं नाव राखायचं' म्हणून असलं काही गिळू नकोस. २०२४ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं तुझ्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. उद्या लातूर-नांदेडची आणखी पोरं तिकडे येतील. ताठ मानेनं आणि नीट भाषेत बोलणारी एक नर्स आधी तिथं राहून गेलेली असेल, तर त्यांची वाट सोपी होईल.

आता काय करायचं ते क्रमानं सांगतो.

आधी वर जा. तक्रार करायला जायचं नाही, ओळख करून द्यायला जायचं. आवाज चालू असताना, डोळे तांबारलेले असताना तर मुळीच जाऊ नकोस. रविवारी दुपारी तीन-चारच्या सुमारास, झोप झालेली असताना जा. जर्मन नीट जुळत नसेल तर वाक्यं आधी कागदावर लिहून पाठ कर. काय बोलायचं तेही सांगतो: "मी खालच्या मजल्यावर राहते. दवाखान्यात नर्स आहे. महिन्यात काही आठवडे मला रात्रपाळी असते, तेव्हा मी सकाळी आठ ते दुपारी दोन झोपते. तुमच्या घरात लहान लेकरं आहेत, ती खेळणारच. माझ्या झोपायच्या खोलीवरच्या खोलीत तेवढा वेळ थोडं सांभाळता येईल का? माझ्या पाळ्यांचा कागद मी तुम्हाला देऊन ठेवते." एवढंच. 'तुम्ही नेहमी', 'तुमची लेकरं' असं एकही वाक्य नको. कोर्टात मी पाहिलंय, 'नेहमी' हा शब्द आला की समोरचा ऐकायचं सोडून स्वतःचा बचाव करू लागतो.

मागणी हातात धरता येईल अशी कर. 'शांत राहा' म्हटलं तर माणसानं नेमकं काय करायचं? तिकडच्या जुन्या इमारतींत लाकडी तुळयांवर फळ्यांची जमीन असते. पाऊल पडलं की तो आवाज तुळयांतून सरळ तुझ्या छतात उतरतो. तू तुझ्या छताला काहीही चिकटवलंस तरी तो फारसा थांबणार नाही. जिथं पाऊल पडतं तिथंच तो अडवावा लागतो. खोलीत जाड गालिचा, आणि खुर्चीच्या चार पायांखाली नमद्याच्या गोल टिकल्या. असल्या टिकल्यांचं पाकीट तिकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतं. पाकीट तूच घेऊन जा आणि हसून दे. खुर्च्या ओढण्याचा निम्मा त्रास तिथंच मिटेल. लेकरांची नावं विचार. ज्या लेकराचं नाव आपल्याला ठाऊक असतं, त्याच्या पावलांचा आवाज पूर्वीइतका टोचत नाही.

ओळखीची आणखी एक वाट तुझ्या दारातच आहे. श्टुटगार्टकडे जिना झाडण्याची आठवड्याची पाळी असते, केरवोखं म्हणतात ना तिला? पाळीची पाटी तुझ्या दाराला लागली की तो जिना असा लख्ख कर की सगळ्यांनी बघावं. त्या भागातले लोक याच गोष्टीवरून शेजाऱ्याची किंमत करतात. ज्या पोरीनं आपली पाळी कधी चुकवली नाही, तिचं म्हणणं ते मान देऊन ऐकतील.

आणि आपलं घरही तपास. आपण मराठवाड्याची माणसं, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाळी देणारी. तुझा बाप फोनवर "माय, काय करलालीस?" म्हणतो ते आमच्या गल्लीला ऐकू येतं. तू सकाळी सात वाजता घरी येऊन स्पीकरवर आईशी बोलतेस, तेव्हा उन्हाळ्यात इकडे साडेदहा वाजलेले असतात. आमचा अर्धा दिवस गेलेला असतो, पण तुझ्या भिंतीपलीकडे एखादी म्हातारी अजून अंथरुणात असेल. कानात हेडफोन घाल. मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, कपड्यांचं मशीन रात्री दहानंतर नको. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, काचेच्या बाटल्याही रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत. हे पाळून मग बोललीस की तुझ्या शब्दाला वजन येईल.

शनिवारच्या गाण्यांचंही तसंच. आधी दिवसा भेटून सांग. ऐकलं नाही तर नोंद ठेवायला लाग. वहीत तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं, आवाज कसला होता, त्या वेळी तू काय करत होतीस आणि आणखी कुणी ऐकलं, एवढं लिही. 'रोज रात्री फार त्रास होतो' असं लिहिलेला अर्ज कुठल्याच देशात टिकत नाही. आमच्या कोर्टात पन्हाळीच्या पाण्याचा एक दावा चालला होता. वादी ओलं झालेलं जोंधळ्याचं पोतं दाखवायला तयार होता, पण कोणत्या दिवशी ओलं झालं ते त्याला सांगता येईना. प्रतिवादीच्या वकिलानं तेवढ्यावरच त्याला खाली बसवलं. माणूस खरं बोलत होता, पण तारीख नव्हती.

दोन-तीन आठवड्यांची नोंद झाली की घरमालकाला किंवा इमारतीच्या व्यवस्थापनाला लेखी कळव. शिवीगाळ नको, अंदाज नकोत, नोंदीची प्रत जोड. भाडेकरूला नीट राहता येईल असं घर देणं ही तिथं मालकाची जबाबदारी आहे. त्रास मोठा असेल तर भाडं कमी करण्याचीही तरतूद तिथल्या कायद्यात आहे. पण ऐक, ते आपल्या मनानं कधीही करू नकोस. जास्त कापलंस आणि थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी झाली, तर मालक तुलाच तडकाफडकी घर खाली करायला सांगू शकतो. आधी भाडेकरू संघाची सभासद हो. श्टुटगार्टमध्ये तो आहे, वर्षाची वर्गणी भरली की त्यांचे वकील सल्ला देतात. आणि रात्री गोंधळ हाताबाहेर गेला, दारू पिऊन आरडाओरड चालली असली, तर एकटीनं दार वाजवायला जायचं नाही. सरळ पोलिसांना फोन कर. ते येऊन आवाज बंद करायला सांगतात, त्यात कुणाला कमीपणा नाही.

झोपेसाठी पलंग शेजारच्या भिंतीपासून दूर सरकव, खिडकीला काळा जाड पडदा लाव, कानात बोळे घाल. झोपेच्या गोळ्यांच्या वाटेला आपण होऊन जायचं नाही, हे तुला नर्सला मी काय सांगू. एवढं करूनही झोप मोडतच राहिली तर पाळ्या बदलून माग, नाहीतर सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर बघ. घर बदलणं म्हणजे हरणं नव्हे.

तू म्हणशील, एवढ्या खटाटोपापेक्षा दार बंद करून आपलं आपण राहावं. ते मला पटत नाही, आणि का ते सांगतो. आपल्या भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाड, दगडमातीच्या होत्या. शेजारचं भांडण या घरात ऐकू यायचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं नुकती निजली होती, आणि त्याच भिंती त्यांच्या अंगावर आल्या. सरकार, लष्कर, सगळे आले, पण नंतर. पहिल्या तासांत ढिगारा उपसला तो शेजाऱ्यांनी, हातांनी. या घरात म्हातारी कुठल्या खोलीत निजते, लेकरू कुठं असतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून नेमक्या जागी हात घालता आला. तुझ्यावर तशी वेळ कधी न येवो. पण ताप चढला, जिन्यात पाय घसरला, तर निलंग्याहून आम्ही पोचेपर्यंत दोन दिवस जातील. वरच्या घरातली बाई दोन मिनिटांत येईल, तिला तुझं नाव ठाऊक असेल तर.

म्हणून सांगतो, ताई, हक्क सोडू नकोस आणि ओळखही टाळू नकोस. आधी ओळख, मग विनंती, मग नोंद, मग अर्ज. पायऱ्या याच क्रमानं चढ, एकही गाळू नकोस. बहुतेक भांडणं दुसऱ्या पायरीवरच मिटतात. येत्या रविवारी नमद्याच्या टिकल्या घेऊन वर जा आणि काय झालं ते मला कळव.

तुझा,
मामा