कुलूप करणाऱ्याचा नकार

बाजारातून नवे कुलूप आणले, की त्याच्याबरोबर दोनतीन किल्ल्या मिळतात. त्या हरवल्याच, तर आपण किल्लीवाल्यास बोलावतो. आणि तो शहाणा असेल, तर घर आपलेच आहे ना, याची शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून खात्री करून घेतल्यावाचून कुलपास हात लावीत नाही. घर गुन्हेगाराचे असेल आणि न्यायालयाचा हुकूम घेऊन पोलीस दाराशी आले असतील, तर कुलूप तोडावयासही कोणाची ना नसते. येथवर सारे सरळ आहे. पण समजा, कुलूपच असे आहे, की ते तोडू गेल्यास घरातील सर्व कागदपत्रे आपोआप जळून खाक व्हावीत. मग सरकारने कुलूप करणाऱ्या कारागिरास बोलावून, 'तुझे हे कुलूप निकामी करील असे हत्यार तूच घडवून दे,' अशी आज्ञा करावी काय? आणि केली, तर त्याने ती पाळलीच पाहिजे काय? हा प्रश्न २०१६ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एका न्यायालयापुढे उभा राहिला. कुलूप होते एका आयफोनचे, आणि कारागीर होती अॅपल ही जगद्विख्यात कंपनी.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर सॅन बर्नार्डिनो हे शहर वसले आहे. २ डिसेंबर २०१५ रोजी तेथील जिल्हा आरोग्य खात्याचे कर्मचारी एका सभागृहात जमले असता, त्यांच्याच कचेरीतील एक सहकारी आणि त्याची पत्नी यांनी त्यांच्यावर गोळीबार केला. १४ माणसे प्राणांस मुकली. २२ जखमी झाली. त्याच दिवशी पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते दोघेही ठार झाले. त्यांना कोणी साथ दिली होती काय, आणखी कोठे असाच घात योजिलेला आहे काय, हे शोधून काढणे एफ.बी.आय. या मध्यवर्ती तपाससंस्थेचे कर्तव्य होते. दोघांनी आपले खाजगी फोन आधीच फोडून टाकले होते. हाती लागला तो कचेरीने कामासाठी दिलेला एक आयफोन. त्याची मालकी जिल्ह्याच्या प्रशासनाकडे होती, आणि प्रशासनाने तो तपासण्यास विनातक्रार संमती दिली होती. न्यायालयाची परवानगी होती, मालकाची परवानगी होती. नव्हता तो चार आकडी संकेतांक. तो जाणणारा मनुष्य मरून गेला होता.

चार आकड्यांचे एवढे भय कशाला, असे तुम्हांस वाटेल. ०००० पासून ९९९९ पर्यंत एकंदर १०,००० संख्या होतात. एखादा चिकाटीचा मनुष्य त्या एकामागून एक दाबीत बसला, तर काही दिवसांत दार उघडेलच की! हा हिशेब अॅपलच्या अभियंत्यांनीही केला होता, आणि म्हणूनच त्यांनी या दारावर पहारे बसविले होते. त्या काळी पाचव्यांदा चूक झाली, की यंत्र एक मिनिट थांबावयास लावी. मग पाच मिनिटे, मग पंधरा, आणि नवव्या चुकीनंतर पूर्ण एक तास. दहावी चूक झाली, की आतील सारी माहिती कायमची वाचता न येण्याजोगी करून टाकावी, अशीही एक सोय असते. त्या फोनवर ती चालू असावी, असा तपास अधिकाऱ्यांचा कयास होता. बरे, यंत्र खोलून आतील माहिती दुसऱ्या संगणकावर वाचावी, तर तेही शक्य नव्हते. ती माहिती कूटलिपीत असते, आणि कूटलिपी उलगडण्यास संकेतांकाबरोबरच, त्या यंत्राच्या अंतर्भागात कारखान्यातच घातलेली एक गुप्त संख्याही लागते. प्रत्येक यंत्राची संख्या निराळी. तिची नोंद खुद्द अॅपलच्या दप्तरीही नसते. २०१४ सालापर्यंत न्यायालयाचा हुकूम आल्यास अॅपल फोनमधील काही माहिती स्वतःच काढून देत असे. त्या वर्षी आलेल्या नव्या रचनेनंतर मात्र कुलूप घडविणाऱ्यापाशीही दुसरी किल्ली उरली नाही.

मध्यंतरी चालून आलेली एक संधीही वाया गेली होती. फोनमधील माहितीची प्रत अॅपलच्या संगणकांवर आपोआप जात असते. १९ ऑक्टोबर २०१५ पर्यंतच्या प्रती कंपनीने तपाससंस्थेच्या स्वाधीन केल्याही होत्या. फोन ओळखीच्या जागी नेऊन ठेवला असता, तर कदाचित पुढील प्रतही आपण होऊन गेली असती. परंतु गोळीबारानंतर थोड्याच दिवसांत, तपास अधिकाऱ्यांच्याच सांगण्यावरून, जिल्ह्याच्या कर्मचाऱ्यांनी त्या खात्याचा परवलीचा शब्द बदलून टाकला. नवा शब्द बिचाऱ्या फोनला ठाऊक कसा असावा? चोर येऊ नये म्हणून दार लोटून घ्यावे आणि किल्ली आतच राहावी, तशी गत झाली.

अखेर १६ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायाधीश श्रीमती शेरी पिम यांनी सरकारच्या अर्जावरून हुकूम काढला. अॅपलने त्या एका फोनसाठी नवे सॉफ्टवेअर रचावे. माहिती पुसण्याची सोय त्याने बंद पाडावी, मिनिटांची आणि तासांची वाट पाहणे काढून टाकावे, आणि संकेतांक बोटाने दाबण्याऐवजी संगणकाकडून भराभर पाठविता यावेत अशी व्यवस्था करावी. एक संख्या तपासून पाहण्यास यंत्राला सुमारे ०.०८ सेकंद लागतो. त्यास १०,००० ने गुणून पाहा. ८०० सेकंद होतात. म्हणजे पुरती चौदा मिनिटेही नाहीत.

मग असे सॉफ्टवेअर सरकारने आपल्याच तज्ज्ञांकडून का करवून घेतले नाही? येथे वादाचे खरे मर्म आहे. आयफोन कोणाचेही सॉफ्टवेअर स्वीकारीत नाही. त्यावर अॅपलची मुद्रा असावी लागते. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर आरंभी राजमुद्रा आणि शेवटी मर्यादेची मुद्रा उमटलेली असे. मजकूर दरबाराचाच आहे आणि त्याखाली मागाहून कोणी ओळ घुसडलेली नाही, हे ते पत्र वाचणाऱ्यास त्यावरून कळे. अॅपलची मुद्रा तेच काम करते. फरक इतकाच, की ती शाईने उमटत नाही, गणिताने सिद्ध होते. सरकारला सॉफ्टवेअर हवे होतेच. पण त्याहून अधिक हवी होती ती ही मुद्रा, आणि ती दुसऱ्या कोणापाशी नव्हती.

न्यायालयाने ज्या कायद्याचा आधार घेतला, तो १७८९ सालचा होता. त्या काळी विजेचा दिवाही नव्हता, मग फोन कोठला! आपले अधिकार अमलात आणण्यासाठी आवश्यक व योग्य असतील ते हुकूम न्यायालयांनी काढावेत, असा त्या कायद्याचा आशय आहे. कायदा जुना म्हणून टाकाऊ ठरत नाही. १९७७ साली याच कायद्याच्या बळावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या टेलिफोन कंपनीस, एका संशयिताच्या फोनवरून कोणकोणते क्रमांक फिरविले जातात याची नोंद घेण्याच्या कामी पोलिसांना साहाय्य करण्यास भाग पाडले होते. सरकारने हाच दाखला पुढे केला.

अॅपलने हुकूम मानण्यास नकार दिला. कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी ग्राहकांस उद्देशून जाहीर पत्र लिहिले आणि वकिलांनी न्यायालयात आपली बाजू मांडली. टेलिफोन कंपनीजवळ नोंद घेण्याची साधने आधीपासूनच होती. येथे मात्र जे अस्तित्वातच नाही, ते निर्माण करावयास सांगितले जात होते. त्यासाठी सहा ते दहा अभियंत्यांना दोन ते चार आठवडे राबावे लागेल, असा कंपनीचा अंदाज होता. श्रमांचा प्रश्न तसा गौणच. एवढ्या धनाढ्य कंपनीला दहा माणसांचे चार आठवडे जड नव्हते. खरा आक्षेप पुढचा होता. हे हत्यार एकदा घडले, की दुसऱ्या फोनसाठी तेच मागितले जाईल; मग तिसऱ्यासाठी. ही शंका अगदीच पोकळ नव्हती, कारण न्यूयॉर्क शहरातील एका सरकारी वकिलाने आपल्यापाशी उघडता न येणारे १७५ आयफोन पडून आहेत, असे त्याच महिन्यात जाहीर केले होते. शिवाय आज एका लोकशाही सरकारला दिलेले साधन उद्या दुसऱ्या एखाद्या जुलमी सत्तेने मागितले, तर नाही कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

सरकारचे उत्तरही ऐकण्यासारखे होते. आम्हांस सर्व फोनांची किल्ली नको. हा एक फोन हवा, ते सॉफ्टवेअर अॅपलने आपल्याच कारखान्यात ठेवावे, काम झाल्यावर नष्ट करावे. अॅपलच्या नकारामागे तत्त्वापेक्षा आपला माल खपविण्याची दृष्टी अधिक आहे, असाही टोला सरकारी वकिलांनी लगावला. त्यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. कंपनी म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. ग्राहकाचा विश्वास हाच तिचा व्यापार. मात्र व्यापाऱ्याला एखादी गोष्ट फायद्याची आहे, एवढ्यानेच ती चुकीची ठरत नाही.

लोकमतही दुभंगले. त्याच महिन्यात प्यू या संशोधनसंस्थेने केलेल्या पाहणीत ५१ टक्के अमेरिकनांनी अॅपलने फोन उघडून द्यावा असे सांगितले, तर ३८ टक्क्यांनी देऊ नये असे. गोळीबारात मरण पावलेल्यांपैकी काहींच्या आप्तांनी न्यायालयात सरकारची बाजू उचलून धरली. आपले माणूस का गेले, हे जाणून घेण्याचा त्यांचा हक्क कोण नाकारील? परंतु जिला गोळ्या लागून जी कशीबशी वाचली, अशा एका स्त्रीच्या पतीने न्यायाधीशांस पत्र लिहून अॅपलला पाठिंबा दिला. ज्यांच्या घरावर आघात झाला, त्यांच्यातच असे दोन पक्ष पडावेत, यावरून प्रश्न किती अवघड होता ते ध्यानात येईल.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये, अमली पदार्थांच्या एका खटल्यात अशीच मागणी झाली असता न्यायाधीश जेम्स ओरेनस्टाईन यांनी २९ फेब्रुवारी रोजी ती फेटाळली. असे अधिकार सरकारला द्यावयाचे की नाही, हे लोकांनी निवडून दिलेल्या विधिमंडळाने चर्चा करून ठरवावे; जुन्या कायद्यातील मोघम शब्दांतून न्यायालयाने ते काढून देऊ नयेत, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. प्रस्तुत लेखकास हा विचार सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्या खटल्याची पुढची गोष्ट गमतीची आहे. एप्रिलमध्ये कोणीतरी संकेतांक सांगून टाकला आणि वाद आपोआप मिटला!

सॅन बर्नार्डिनोच्या प्रकरणाची सुनावणी २२ मार्च रोजी व्हावयाची होती. आदल्या दिवशी सरकारने अकस्मात मुदत मागितली. एका बाहेरच्या मंडळीने फोन उघडण्याची युक्ती दाखविली आहे, असे कारण दिले. २८ मार्चला फोन उघडल्याचे सांगून सरकारने अर्ज मागे घेतला. ही मंडळी कोण, हे सरकारने सांगितले नाही. पुढे २०२१ साली 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने ती ऑस्ट्रेलियातील अॅझिमथ नावाची एक लहानशी कंपनी असल्याचे वृत्त दिले. तिला दिलेली रक्कम ९ लाख डॉलर होती, असा उल्लेख एका सिनेटसदस्या बाईंनी २०१७ साली केला होता. गंमत अशी, की सप्टेंबर २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील सेर्गेई स्कोरोबोगातोव्ह या संशोधकाने त्याच जातीच्या फोनची स्मृती नकलून, काही चुका झाल्या की पुन्हा मूळ प्रत बसवावयाची, अशा रीतीने संकेतांक हवा तितका चाचपता येतो हे दाखविले. त्याचे साहित्य १०० डॉलरांच्याही आतले होते.

फोनमध्ये सापडले तरी काय? आणखी कोणी साथीदार होता, असा पुरावा त्यात मिळाला नाही, असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. साथीदार नव्हता हे कळणे, हीही तपासात मोलाची गोष्ट असते, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते, आणि ते खरेही आहे. मात्र मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याच्या महानिरीक्षकांनी चौकशी करून जो अहवाल दिला, तो तपाससंस्थेस भूषणावह नव्हता. न्यायालयात जाण्यापूर्वी संस्थेने आपल्याच सर्व शाखांना नीट विचारलेही नव्हते. आणि युक्ती सापडल्यावर, आता अॅपलविरुद्धचा खटला चालणार नाही म्हणून तेथील एक अधिकारी खट्टू झाला होता, असे त्यात नमूद आहे.

हा वाद परक्या देशातील खरा. पण त्याच घडणीचे आयफोन आपल्या देशातही लोकांच्या खिशांत आहेत, आणि एकाची मर्मस्थाने ती सर्वांची. खाजगी जीवनाचा अधिकार हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. हा हक्क अमर्याद नाही; पण त्यावर बंधन घालावयाचे तर त्याला कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि बंधन हेतूच्या प्रमाणाबाहेर नसावे, हेही त्या निकालात आले आहे.

कारागीर स्वस्थ बसलेला नाही. जुलै २०१८ मध्ये अॅपलने आणखी एक पहारा वाढविला: फोन तासभर कुलूपबंद राहिला, की त्याच्या तारेच्या छिद्रातून माहितीची ये-जा थांबते. २०२० साली फ्लोरिडातील एका हल्लेखोराच्या दोन आयफोनांवरून अॅपल आणि अमेरिकी सरकार पुन्हा समोरासमोर आले. तेही फोन अखेर अॅपलच्या साहाय्यावाचूनच उघडले गेले. १७८९ च्या कायद्याने कारागिरास आपलेच कुलूप निकामी करणारे हत्यार घडवावयास लावता येते की नाही, याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून अद्याप झालेला नाही.